मॅश टन घेण्याआधी धान्याचं गणित मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, तयार अर्क) वापरून घरी बिअर केली, आता थेट माल्टच्या दाण्यांपासून, म्हणजे ऑल-ग्रेन पद्धतीने करायची आहे. एका खेपेला २० लिटर हवी. उकळायला ३० लिटरचं स्टीलचं पातेलं आहे. मॅश टन म्हणून, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात धरून ठेवायचं भांडं म्हणून, काय घ्यावं? कूलर (पाणी किंवा बर्फ ठेवायची थर्माससारखी जाड पेटी), फॉल्स बॉटम (भोकांचा दुसरा तळ) बसवलेलं स्टीलचं भांडं, नुसती पिशवी, की सगळं एकाच भांड्यात करणारं विजेवरचं यंत्र?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. साधारण ३८ लिटरचा, जाड भिंतींचा, तळाशी तोटी बसवता येईल असा कूलर घ्या, त्यात बारीक विणीची पिशवी लावा आणि बॅच स्पार्ज करा, म्हणजे धान्यातली साखर दुसऱ्या पाण्याने एकदम धुऊन काढा. नवख्या माणसाला मी बरीच वर्षं हेच सुचवत आलो आहे. पण हे उत्तर तुमच्या २० लिटरला आणि तुमच्या ३० लिटरच्या पातेल्याला धरून आहे. यातली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलतं, म्हणून ते कुठून आलं हे समजून घ्या.

मॅश टनला दोन कामं असतात. भरडलेलं माल्ट आणि गरम पाणी (हे मिश्रण म्हणजे मॅश) तासभर ठरलेल्या तापमानाला धरून ठेवणं हे पहिलं. त्या लगद्यातून गोड वर्ट, म्हणजे पुढे आंबून बिअर होणारा माल्टचा रस, निथळून बाहेर काढणं आणि धान्य आत अडवणं हे दुसरं. विकत घेताना जवळजवळ सगळे पहिल्याच कामाकडे बघतात. ‘उष्णता किती धरतो?’ हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. प्रत्यक्षात माणसं अडतात ती दुसऱ्या कामात. तोटी तुंबते, धान्य वर्टबरोबर वाहून येतं, तळाशी दोन-अडीच लिटर गोड वर्ट अडकून वाया जातं. आणि या सगळ्याच्याही आधी, भांडं लहान पडतं.

म्हणून सुरुवात आकारापासून करू. गुरुत्व म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, आणि १.०५० मधले ५० म्हणजे लिटरमागे ५० गुण. १.०५० गुरुत्वाची २० लिटर बिअर म्हणजे ५० गुणिले २०, एकूण १००० गुण. एक किलो चांगल्या पेल माल्टमधून एका लिटरमागे साधारण ३०० गुण मिळू शकतात, आणि घरच्या पद्धतीत त्यातले ७२ टक्के हाती लागले तरी पुष्कळ झालं. म्हणजे किलोमागे २१६ गुण. १००० ला २१६ ने भागा, साधारण ४.६ किलो धान्य लागेल. किलोला ३ लिटर पाणी धरलं तर १३.८ लिटर पाणी. पाण्यात गेल्यावर एक किलो धान्य सुमारे ०.६७ लिटर जागा व्यापतं, म्हणजे आणखी ३.१ लिटर. एकूण मॅश १७ लिटरच्या आसपास. १९ लिटरचा छोटा गोल कूलर यात भागतो असं वाटेल, आणि अनेक जण तिथेच फसतात.

कारण बॅच स्पार्जचं गणित पुढे आहे. बॅच स्पार्ज म्हणजे पहिलं वर्ट पूर्ण काढून घ्यायचं, मग उरलेलं गरम पाणी एकदम ओतायचं, ढवळायचं आणि पुन्हा पूर्ण काढायचं. या दोन्ही खेपांना साधारण सारखं वर्ट निघालं तर धान्यातली साखर सगळ्यात चांगली धुतली जाते. उकळायच्या आधी तुम्हाला २६ लिटर हवं: २० लिटर आंबवायला, ४ लिटर वाफेत जाणार, २ लिटर गाळात राहणार. त्याचे दोन भाग केले की १३ आणि १३. धान्य किलोमागे जवळपास १ लिटर पाणी शोषून घेतं आणि परत देत नाही, म्हणून पहिल्या खेपेला १३ लिटर बाहेर यायचं तर आत १७.६ लिटर ओतावं लागेल. त्यात धान्याची ३.१ लिटर जागा मिळवा, झाले २०.७ लिटर. दुसऱ्या खेपेलाही भांड्यात तेवढंच भरतं. म्हणजे अगदी साध्या ताकदीच्या बिअरलाही १९ लिटरचं भांडं पुरत नाही.

हीच बिअर १.०८० ची करायची ठरवली तर धान्य वाढतं आणि कार्यक्षमता, म्हणजे हाती लागणाऱ्या गुणांचा टक्का, घसरते. ती ६५ टक्के धरा. १६०० गुणांना ८.२ किलो धान्य लागेल आणि मॅश ३० लिटरवर जाईल. कधीतरी अशी दणकट बिअर करावीशी वाटणारच, आणि तेव्हा ३८ लिटरचं भांडं तुम्हाला अडवणार नाही. याच्याही पुढे जाऊन ६० लिटरचं घ्या असं मात्र मी सांगणार नाही. मोठ्या भांड्यात थोडा मॅश असला की वरची मोकळी हवा उष्णता खाते आणि धान्याचा थर पातळ पडतो.

या थराकडेही लक्ष द्यायला हवं, कारण वर्ट गाळण्याचं काम खरं तर धान्याची टरफलंच करतात. खालची जाळी फक्त टरफलांना आधार देते. ४.६ किलो धान्य निथळल्यावर, शोषलेल्या पाण्यासकट, सुमारे ७.७ लिटर जागा घेतं. आतून ३३ सेंटीमीटर व्यास असलेल्या भांड्यात हा थर ९ सेंटीमीटर भरतो, २८ सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात साडेबारा. फ्लाय स्पार्ज करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. त्या पद्धतीत वरून गरम पाणी हलकेच सोडत राहायचं आणि खालून त्याच वेगाने वर्ट काढायचं, पाऊण-एक तास. थर पातळ असेल किंवा जाळी तळाच्या एकाच कोपऱ्यातून वर्ट ओढत असेल, तर पाणी सोपी वाट शोधतं, तेवढीच वाट पुन्हा पुन्हा धुतली जाते आणि बाजूच्या धान्यातली साखर तशीच राहते. म्हणून फ्लाय स्पार्ज करायचाच असेल तर उंच, गोल भांडं आणि पूर्ण तळ व्यापणारा फॉल्स बॉटम हवा. बॅच स्पार्जमध्ये आपण सगळं ढवळून मग काढतो, त्यामुळे वर्ट कुठून कसं आलं याने काही बिघडत नाही. आडवा चौकोनी कूलरही चालतो. पद्धत आधी ठरवा असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. मला स्वतःला बॅच स्पार्ज पसंत आहे. वेळ वाचतो, आणि फ्लाय स्पार्जने मिळणारे दोन-चार टक्के जास्तीचे गुण मूठभर माल्ट वाढवूनही मिळतात.

आता जाळी. तीन प्रकार नेहमी दिसतात. पहिला फॉल्स बॉटम, म्हणजे भोकं पाडलेली स्टीलची चकती, जी तळापासून थोडी वर बसते. दुसरा पाण्याच्या लवचीक नळीवरचं स्टीलचं विणलेलं आवरण, आतली रबरी नळी काढून टाकलेलं. तिसरा तांब्याच्या नळ्यांची चौकट, जिच्या नळ्यांना खालच्या बाजूने करवतीने बारीक खाचा पाडलेल्या असतात. फॉल्स बॉटम टिकाऊ आहे आणि सगळीकडून सारखं ओढतो, पण कडेला फट राहिली की धान्य तिथून खाली उतरतं आणि तोटीत बसतं. घुमटाकार चकती ढवळताना उचलली जाते, तिला खाली धरून ठेवायची सोय बघून घ्या. विणलेलं आवरण सगळ्यात स्वस्त, बॅच स्पार्जला उत्तम, पण काही खेपांनंतर दबतं. दबलं की आत स्टीलच्या तारेचं सैलसर वेटोळं घालायचं, पुन्हा गोल होतं. तांब्याची चौकट करायला मजा येते. धुवायला मात्र किचकट, म्हणून आता मी ती सुचवत नाही.

तरीही माझी पहिली पसंती पिशवीला आहे, आणि ती कूलरच्या आत. मजबूत पॉलिस्टरची, आडव्या-उभ्या बारीक विणीची, भांड्याच्या पूर्ण आतल्या मापाची आणि काठावर दुमडता येईल एवढी मोठी. पिशवी सगळ्या बाजूंनी गाळते, त्यामुळे तुंबण्याचा धोका खूप कमी होतो आणि माल्ट थोडं बारीक भरडता येतं. फॉल्स बॉटमला गिरणीच्या रुळांमधलं अंतर १ ते १.२ मिलिमीटर ठेवावं लागतं, नाहीतर टरफलं फाटतात आणि थर घट्ट बसतो. पिशवी असेल तर ०.८ मिलिमीटरपर्यंत खाली जाता येतं, आणि बारीक भरडीतून स्टार्च लवकर मोकळा होतो. शिवाय काम संपलं की पिशवी उचलायची, धान्य बाहेर, कूलरला पाणी मारलं की झालं. एकच काळजी घ्या: तोटीच्या आतल्या तोंडावर छोटी जाळी किंवा आवरणाचा तुकडा लावा. नाहीतर पिशवीचं कापड तोंडात ओढलं जातं आणि धार बंद पडते.

कोणतीही जाळी असली तरी पहिलं वर्ट थेट पातेल्यात घेऊ नका. तोटी पाव उघडा आणि एका छोट्या भांड्यात घ्या. पहिला लिटर दुधट येतो, त्यात टरफलांचे कण आणि पांढरट पीठ असतं. तो धान्यावर पसरट चमच्याच्या आधाराने हलकेच परत ओता, थराला खड्डा पडू देऊ नका. दुसऱ्या भांड्याला कण कमी होतात, तिसऱ्या-चौथ्याला वर्ट पारदर्शक तांबूस दिसू लागतं. मग नळी पातेल्यात सोडा. घाईने तोटी पूर्ण उघडली तर ओढ एवढी बसते की सगळा थर जाळीवर दाबला जातो. धार सुतासारखी बारीक होते आणि वर मात्र वर्ट तसंच साचलेलं दिसतं. अशा वेळी तोटी बंद करा, थोडं गरम पाणी घाला, तळापासून ढवळा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सावकाश सुरू करा. गहू, राय (गव्हासारखं एक धान्य) किंवा ओट्सचं प्रमाण जास्त असेल तर मॅशमध्ये भाताचं तूस मिसळावं. गहू आणि रायला टरफल नसतं, राय आणि ओट्समध्ये चिकटपणा आणणारं बीटा-ग्लुकन भरपूर असतं. तूस तो थर मोकळा ठेवतं आणि चवीत काही मिसळत नाही.

तोटीच्या खाली राहून जाणाऱ्या वर्टचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करत नाही, आणि नंतर कार्यक्षमता कमी का येते म्हणून माल्टला दोष देतात. तोटी तळापासून चार बोटं वर असेल तर तिच्या खालचं सगळं वाया. आतल्या बाजूला खाली वळलेली नळी लावली, तिचं तोंड तळाला जवळजवळ टेकलेलं असलं आणि जोड हवाबंद असले, तर वर्ट ओढलं जातं आणि नुकसान अर्ध्या लिटरवर येतं. दोन लिटर आणि अर्धा लिटर यातला फरक बिअरमध्ये दिसतो.

उष्णतेबद्दल आता बोलू. माल्टमधली दोन एन्झाइम स्टार्चची साखर करतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमाने काम करतं आणि यीस्टला सहज पचणारी साखर बनवतं, अल्फा-अमायलेज ६८ ते ७२ ला, आणि त्याच्या साखरेतली काही यीस्टला पचत नाही. ६४ ला मॅश केलं तर बिअर कोरडी, हलकी होते, ६९ ला केलं तर जिभेवर भरीव लागते. एवढ्या कमी अंतरात चव बदलते म्हणून माणसं घाबरतात आणि महागड्या उपकरणाकडे वळतात. पण चांगल्या माल्टमध्ये स्टार्चचा बराचसा भाग पहिल्या अर्ध्या तासातच मोडतो. त्यामुळे तासाच्या शेवटी एक अंश उतरला तर काही बिघडत नाही. सुरुवातीलाच तीन अंश चुकले तर मात्र चुकलं. चांगला कूलर तासाला एखाद अंश गमावतो, ते पुरेसं आहे. उघडं पातळ स्टीलचं भांडं त्याच वेळात कितीतरी जास्त गमावतं, त्याला जाड ब्लँकेट किंवा फोम गुंडाळावाच लागतो.

सुरुवातीचं तापमान गाठायचं सूत्र सोपं आहे. ०.४१ ला किलोमागच्या लिटरने भागा, त्याला धान्य आणि मॅश यांच्या तापमानातल्या फरकाने गुणा, आणि उत्तर मॅशच्या तापमानात मिळवा. आपल्या उदाहरणात किलोमागे ३.८ लिटर पाणी (१७.६ लिटर भागिले ४.६ किलो), धान्य २५ अंशांवर, मॅश ६७ ला हवा. पाणी ७१.५ अंश. हे सूत्र भांड्याच्या भिंती किती उष्णता पितात ते धरत नाही. त्यावर माझा उपाय असा: पाणी कूलरमध्ये ७७ ला ओतायचं, झाकण लावून दहा मिनिटं थांबायचं, मग ढवळत ढवळत ७१.५ पर्यंत उतरू द्यायचं आणि तेव्हाच धान्य सोडायचं. भिंतींची तहान आधीच भागलेली असते. धान्य थोडं थोडं टाकत, प्रत्येक वेळी ढवळत जा. कोरड्या पिठाच्या गुठळ्या आत राहिल्या तर त्यातला स्टार्च तसाच फुकट जातो, आणि थर्मामीटर त्यांच्याजवळ धरला तर आकडाही खोटा मिळतो.

कूलरची खरी मर्यादा वेगळी आहे. त्याला खालून आच देता येत नाही. टप्प्याटप्प्याने तापमान वाढवायचं तर उकळतं पाणी घालावं लागतं. ४.६ किलो धान्य आणि १३.८ लिटर पाण्याचा मॅश ५५ वरून ६७ ला न्यायला साधारण ५.७ लिटर उकळतं पाणी लागतं. मॅश साडेबावीस लिटरच्या घरात जातो आणि पातळ होतो. एक टप्पा असा जमतो, तीन टप्पे जमवताना जागा आणि पाणी दोन्ही संपतं. तुम्हाला वारंवार असे टप्पे करायचे असतील तरच स्टीलच्या भांड्याकडे जा, आणि तेव्हाही नुसत्या शेगडीवर अवलंबून राहू नका. फॉल्स बॉटमखालचं वर्ट लगेच तापतं, वरचा लगदा थंडच राहतो. खाली एन्झाइम मरतात आणि वर्ट करपूही शकतं. आच मंद ठेवून सतत ढवळायचं, किंवा पंपाने वर्ट खालून वर फिरवत ठेवायचं.

विजेवरची एकत्र यंत्रं हेच काम करतात. आत छिद्रांची बरणी, तळाशी हीटर, वर्ट फिरवणारा पंप. ३५ लिटरच्या वर्गातली यंत्रं साधारण ८ ते ९ किलो धान्य घेतात. जागा कमी असेल, घरात ज्योत पेटवायची नसेल, टप्पे हवे असतील, तर ती खरोखर चांगली आहेत. मात्र पडद्यावरचा आकडा बहुतेक वेळा तळाच्या वर्टचा असतो, धान्याच्या मधोमध दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो, म्हणून हातातला थर्मामीटर सोडू नका. पण आज हे यंत्र घेतलंत तर तुमचं ३० लिटरचं पातेलं पडून राहील. म्हणून आत्ताच त्यावर खर्च करू नये असं मला वाटतं.

फक्त पिशवी घेऊन त्याच पातेल्यात सगळं करता येणार नाही का? २० लिटरला नाही. पिशवी हलकेच पिळून किलोमागे ०.७ लिटर शोषण धरलं तरी २९ लिटर पाणी आणि ३ लिटर धान्याची जागा, म्हणजे ३२ लिटर. त्याला ४० लिटरचं पातेलं हवं. पण १० लिटरची खेप त्यात आरामात बसते: २.३ किलो धान्य, साडेसोळा लिटर पाणी, एकूण १८ लिटर. कूलर येईपर्यंत ही एक खेप जरूर करा. मॅश हाताला कसा लागतो, वर्ट कसं निथळतं, हे कळेल आणि खरेदीही शहाणपणाने होईल. आच देताना पिशवी तळाला टेकू देऊ नका, कापड वितळतं.

कूलर निवडताना झाकण हातात घेऊन ठोकून बघा. बऱ्याच कूलरची झाकणं आतून पोकळ असतात आणि उष्णता तिथूनच जाते. छोटं भोक पाडून फोम भरला की प्रश्न मिटतो. आतलं अस्तर अन्नासाठी योग्य आणि जाड हवं, पातळ अस्तर ७५-८० अंशांच्या पाण्याने फुगतं, वाकतं. तोटी स्टीलची, तीन भागांत उघडणारी बॉल व्हॉल्व्ह घ्या. दोन भागांच्या तोटीत गोळ्याभोवती वर्ट साचतं आणि आंबतं. नळी सिलिकॉनची असावी, साधी प्लास्टिकची गरम वर्टने मऊ पडून दबते. तोटी कूलरच्या भिंतीतून जाते तिथे दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे वॉशर लावा, फार आवळू नका, प्लास्टिक तडकतं.

सगळं बसवल्यावर धान्य न घालता एकदा पाण्याची चाचणी घ्या. २० लिटर पाणी ६७ ला आणून भरा, झाकण लावा, तासाने तापमान बघा. दोन अंशांपेक्षा जास्त उतरलं तर झाकण आधी तपासा. मग तोटी उघडून पाणी जाऊ द्या, कूलर तिरका न करता. धार थांबली की आत उरलेलं पाणी मापात ओतून मोजा आणि ते लिहून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक खेपेला तेवढं पाणी मॅशमध्ये वाढवून घ्यायचं आहे. भरलेल्या भांड्यातून तोटीच्या जोडावर एक जरी थेंब आला तरी वॉशर पुन्हा बसवा. २० लिटर गरम वर्ट आत असताना ते दुरुस्त करता येत नाही.